पडलेल्याला धावबाद

वेसल आउडनडाइक ह्या माणसाबद्दल तुम्ही कुठे काही चांगलं ऐकलं असेल, तर ते त्याने स्वतःच सांगितलेलं असणार. मी त्याला तो सतरा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. नऊ मोसम तो गोलंदाजी करायचा आणि मी यष्ट्यांमागे उभा राहून त्याचे चेंडू झेलायचो. माझ्या उजव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही, ती त्याची मेहेरबानी. ती मोडली त्या दिवशी तो म्हणाला होता, "योप, पुढचं षटक आहे अजून, लवकर आटप." पण करंगळीचं मनात धरून बसावं इतका काही मी हलका नाही. धरून बसण्यासारखं बाकीचं पुष्कळ आहे.

आमच्या क्लबचं नाव नोर्डरविंट, म्हणजे उत्तरवारा. स्खिडाम ह्या आमच्या गावात, कालव्याच्या काठाला. थंडीत त्याच मैदानावर फुटबॉल चालतो. एप्रिलमध्ये गोलाचे खांब काढून ठेवायचे, मधोमध काथ्याची मॅट अंथरायची, कडेने खिळे ठोकायचे, की झालं क्रिकेटचं मैदान. गावात कोणाला विचारलंत तर म्हणतील, "हां हां, ते पांढऱ्या कपड्यांतले खुळे, पाऊस आला की आत पळणारे." साऱ्या देशाला ह्या खेळाची खबर नाही आणि आम्हाला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. मॅट आपणच ठोकायची, आपणच गुंडाळून खोपटात टाकायची, कँटीनमधले कप आपणच विसळायचे. कामाची पाळी लागलेली असायची आणि त्यातून कोणालाच सुटका नव्हती. मालक ब्लँकर्ट, ज्यांच्या कारखान्यावर अर्ध्या गावाची चूल पेटायची, तेही शनिवारी बाह्या सरसावून कप पुसायचे.

वेसल तेवढा सुटायचा. मॅट गुंडाळायची वेळ आली की त्याचा खांदा दुखायला लागायचा. चेंडू टाकताना न दुखणारा हा खांदा हातोडी पाहिली की नेमका ठणकायचा. बाप नोटरी, आई घरी पियानो वाजवणारी, एकुलता एक मुलगा. काम दुसऱ्याने करायचं असतं हे त्याला पाळण्यातच कळलं असावं. दिसायला मात्र देखणा. सहा फूट पाच इंच उंची, लोण्याच्या रंगाचे केस. तीस पावलं धावत यायचा तेव्हा कालव्यावरच्या पुलावर सायकली थांबायच्या. मॅटवर त्याचा चेंडू असा उसळायचा की समोरच्याला यष्ट्यांची नाही, दातांची काळजी. तो वेगवान होता. तेवढं त्याचं त्याला द्यायला पाहिजे. देवही कधीकधी कोणाच्या हातात काय देतो, बघत नाही.

बळी मिळाला की "मी घेतला", झेल सुटला की "तुम्ही सोडला". झेल घेणाऱ्याच्या पाठीवर त्याने कधी थाप मारलेली मला आठवत नाही. अशा माणसाला आमच्या लोकांनी कर्णधार केलं. का, तर दुसऱ्या कोणाला नाणेफेकीनंतरची भाषणं करायची हौस नव्हती.

चौऱ्याऐंशी सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. विभागाचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर, डेव्हेंटरच्या संघाशी. त्यांचा ओनो स्लाउटर खेळत होता. हा ओनो शाळेत कवायतीचा मास्तर. ठेंगणा, दाढीवाला, चेंडू अंगावर घेऊन उभा राहणारा. त्यांची शेवटची जोडी मैदानात होती आणि जिंकायला जेमतेम दहा-बारा धावा हव्या होत्या. ओनो ज्या रीतीने खेळत होता ते पाहता, आम्ही हरलो हे आमच्या कँटीनमधल्या मांजरालाही कळलं होतं.

वेसलने चेंडू आपटला. तो उसळला आणि ओनोच्या डाव्या कानावर बसला. तेव्हा आमच्याकडे शिरस्त्राण कोण घालायचं! असा आवाज झाला की मी आजही ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडली की दचकतो. ओनो दोन पावलं पुढे भेलकांडला आणि क्रीजच्या बाहेर मॅटवर तोंडघशी पडला. चेंडू तिथेच जवळ घरंगळत राहिला. मी हातमोजे टाकले आणि त्याच्याकडे धावलो. त्यांचा शेवटचा फलंदाजही पलीकडून धावत आला. कानातून रक्त येत होतं.

आणि वेसल? त्यानेही धाव घेतली. मला वाटलं, चला, ह्याच्यातही माणूस आहे. त्याने वाकून चेंडू उचलला, ओनोच्या पायांवरून लांब टांग टाकून पलीकडे गेला, बोटाने टिचकी मारावी तशी चेंडूने यष्ट्यांवरची बेल उडवली आणि पंचाकडे वळून ओरडला, "हाउज दॅट?"

पंच होते पोस्टातून निवृत्त झालेले एक भले गृहस्थ. माणूस असा पडल्यावर खेळ तिथल्या तिथे थांबवायला हवा होता, हे त्यांना माहीत असणारच. पण ते गोठले होते. त्यांनी आधी ओनोकडे पाहिलं, मग वेसलकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. आणि बोट वर केलं.

मी गुडघ्यांवर बसूनच ओरडलो, "वेसल! अपील मागे घे!"

"कशाला?"

"अरे कशाला काय? माणूस पडलाय इथे!"

"क्रीजच्या आत पडला की बाहेर?"

"तुला लाज आहे का?"

"मी काय विचारलं, आत की बाहेर?" तो म्हणाला. "बाहेर ना? मग नियम आहे, योप. नियम मी नाही केलेला."

आम्ही जिंकलो होतो. ओनोला रुग्णवाहिकेत चढवत होते आणि आमच्या कर्णधाराने बिअरची बाटली हलवून सगळ्यांवर फवारली. कोणी पुसायलाही हात वर केला नाही. मी दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. सोबत लोणच्याची बरणी नेली होती, कारण दुसरं काय न्यावं सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, डावा कान गेला. ओनो म्हणाला, "बरं झालं. वर्गात पोरं डाव्या बाजूलाच जास्त कालवा करतात." त्या दिवसापासून आमची दोस्ती आहे. वेसल गेला नाही. पत्रही नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गेलो असतो तर माझी चूक होती असं वाटलं असतं लोकांना."

पुढच्या मोसमात मी पहिला संघ सोडून तिसऱ्या संघात गेलो. तिथे हरायचे, पण हसायचे.

आता ब्लँकर्टसाहेबांचं सांगतो. त्यांचा झाकणांचा कारखाना होता. मुरांब्याच्या, लोणच्याच्या, मधाच्या बरण्यांची पत्र्याची झाकणं. मी तिथेच छपाई खात्यात होतो. झाकणांवर चेरी, मधमाश्या, जर्दाळू छापायचे. साहेब आमच्या क्लबचे अध्यक्ष. तो अंतिम सामना त्यांनी कँटीनच्या पायरीवर बसून पाहिला होता, आणि ओनो बाद झाल्यावर टाळ्या वाजवणारे जे मोजके लोक होते त्यांतले ते एक. सोमवारी त्यांनी वेसलला बोलावून विक्री खात्यात नोकरी दिली. मुकादमाला म्हणाले, "ह्या पोराकडे बाजारात लागतं ते आहे." होतंच. साहेबांची पारख चुकली असं मी म्हणणार नाही.

झाकणं विकायला अक्कल लागत नाही, फक्त जीभ लागते. वेसलकडे ती हातभर होती. गिऱ्हाइकाला जेवायला न्यायचं आणि मी देशासाठी खेळलो म्हणून सांगायचं. देशासाठी तो एकदा बारावा खेळाडू म्हणून गेला होता आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन पळाला होता, पण हे कोणाला माहीत? आमच्या लोकांना क्रिकेट म्हटलं की गवतावर लाकडी हातोडीने गोळे ढकलायचा तो दुसराच खेळ आठवतो. ज्या देशात कोणालाच गणित येत नाही तिथे पाढे चुकले तरी पकडणार कोण! वेसलचे बळी दरवर्षी वाढत गेले. खेळणं सोडल्यावर तर फारच वाढले. वेगही वाढला. इंग्लंडच्या कुठल्याशा नामवंत संघाने म्हणे त्याला बोलावलं होतं, पण त्याने "मातीला जागून" नकार दिला. कसली माती? आमच्याकडे काथ्याची मॅट होती.

तो विक्रीप्रमुख झाला, मग संचालक झाला. तेव्हा एक नवीन टूम निघाली होती. साहेब म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. "आपण सगळे एक टीम आहोत, मला वेसल म्हणा." ब्लँकर्टना आम्ही तीस वर्षं साहेब म्हणत होतो आणि ते आमच्या बायकापोरांची नावं विचारायचे. ह्याला आम्ही वेसल म्हणायचो आणि हा लिफ्टमध्ये भेटला तर माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून म्हणायचा, "काय योप, कसं काय?"

एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या खात्यातला कोर नावाचा गडी चीज-पाव खात माझ्याजवळ येऊन बसला. "काय रे योप, तू होतास म्हणे त्या सामन्यात?"

"कुठल्या?"

"वेसलने त्या पडलेल्या माणसाला परत बोलावलं तो. हातातला विजेत्यांचा कप सोडला, पण माणुसकी सोडली नाही म्हणे. काल सगळ्या खात्यांसमोर सांगत होता. आपल्या मुकादमाच्या तर डोळ्यांत पाणी आलं."

मी हातातला पाव खाली ठेवला. म्हटलं, "बोलावलं नाही, कोर. धावबाद केलं. आणि तो कप क्लबच्या कपाटात आहे, जाऊन बघ."

कोरने बोटांना लागलेलं चीज पुसलं. मग म्हणाला, "तू जळतोस त्याच्यावर."

"मी?"

"साहजिकच आहे म्हणा. एकत्र खेळलात, तो कुठे गेला, तू कुठे राहिलास."

त्यानंतर मी कोणाला काही सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

दोन हजार तीन साली ब्लँकर्टसाहेबांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. ते इस्पितळात असतानाच वेसलने भागधारकांची सभा बोलावली. साहेबांच्या दोन पुतण्या होत्या. त्यांना कारखान्याचं वावडं आणि पैशाची आवड. त्यांचे भाग त्याने बाहेरच्या एका गुंतवणूक कंपनीकडे वळवले, आणि साहेब शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्या आजोबांच्या कारखान्यात त्यांना फक्त मानाची खुर्ची उरली होती. मी द्राक्षं घेऊन भेटायला गेलो. उशाशी वेसलने पाठवलेली फळांची भली मोठी परडी होती, वर रेशमी फीत.

"खुबा कसा आहे, साहेब?"

"खुबा एकदम झकास," ते म्हणाले. "बाकी सगळं मोडलं."

"सभा पुढे ढकलता आली असती की."

"मी तेच म्हणालो फोनवर. भूल धड उतरली नव्हती माझी. तर म्हणतो कसा, साहेब, सूचना मुदतीत दिली होती, सगळं नियमात बसतं."

मी द्राक्षं धुऊन बशीत ठेवली. बोलू नये असं ठरवून गेलो होतो, पण तोंडून निघूनच गेलं. "साहेब, ओनोच्या वेळी तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वाजवल्या ना. मला वाटलं, हा कायम माझ्याच बाजूने खेळेल."

मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण साप पाळायचा आणि तो दुसऱ्यालाच चावेल अशी आशा ठेवायची, ह्याला काय म्हणावं? दोन वर्षांनी ते गेले. वेसलने दफनाच्या वेळी भाषण केलं. "ते मला वडिलांसारखे होते," असं म्हणताना त्याचा आवाज अगदी जागच्या जागी भरून आला. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खावं तर असं, ओठ न माखता.

कारखान्याला शंभर वर्षं झाली तेव्हा मोठा समारंभ ठरला. गोदाम रिकामं करून तिथे मंच घातला. जनसंपर्क खात्यात लोटे नावाची एक मुलगी नवीन लागली होती. विद्यापीठातून ताजी आलेली, कामाची भारी उत्साही. ती एक दिवस मला शोधत छपाई खात्यात आली.

"तुम्हीच योप ना? तुम्ही वेसलच्या संघात होतात?"

"होतो बुवा."

"मला तुमची मदत पाहिजे, पण हे गुपित ठेवायचं हं! तो फलंदाज, ज्याला वेसलने परत बोलावलं, तो जिवंत आहे का?"

"चांगला ठणठणीत आहे."

"खरंच?" ती जवळजवळ उडी मारायचीच बाकी राहिली. "मला त्याला मंचावर आणायचंय. वेसलला ऐन वेळी चकित करायचं! काय वाटतं तुम्हाला?"

"चकित होईल," मी म्हणालो. "शंकाच नको." आणि ओनोचा फोन नंबर दिला.

ओनोला मी आधी फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "केक असणार आहे का?"

"झाकणाच्या आकाराचा."

"मग येतो."

समारंभाच्या दिवशी तो माझ्या डाव्या हाताला बसला, म्हणजे मी बोललेलं त्याला ऐकू यावं. दाढी पांढरी झालेली, लग्नातला कोट. वेसल मंचावर आला. गळ्यात टाय नाही, गालाला चिकटलेला तो बारीक माईक, पायात पांढरे बूट. पन्नाशीतही दिसायला देखणाच. आधी बाजारपेठ, मग स्पर्धा, मग बदल, आणि मग आवाज उतरवून त्याने ती गोष्ट काढली.

"अंतिम सामना. शेवटची जोडी. माझा चेंडू त्याला लागतो आणि तो पडतो. क्रीजच्या बाहेर! चेंडू माझ्या हातात. माझी माणसं ओरडतायत, वेसल, उडव यष्ट्या! पंचांचं बोट वर जातंय. आणि मी म्हणतो, नाही. मी त्याला हात देतो. म्हणतो, ऊठ मित्रा, खेळ. आम्ही तो सामना हरलो, मंडळी. पण त्या दिवशी मी नेता झालो."

ओनो माझ्या कानाशी पुटपुटला, "छान सांगतो रे. मलाच खरं वाटायला लागलं."

टाळ्या थांबायच्या आत लोटे दुसरा माईक घेऊन मंचावर धावली. "आणि वेसल, तो मित्र आज इथे आहे!"

वेसलचा चेहरा मी नऊ मोसम पाहिला होता. सोपा झेल सुटताना पाहिला, नो-बॉलवर बळी गेलेला पाहिला. पण असा कधी पाहिला नव्हता. ओठ हसत होते आणि वरचं सगळं जागीच थिजलं होतं. ओनो कठड्याला धरून सावकाश पायऱ्या चढला. लोटेने माईक त्याच्या तोंडाशी धरला. "त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?"

"कोणत्या क्षणी, बाई?"

"वेसलने तुम्हाला परत बोलावलं तेव्हा."

"ते मला कसं ठाऊक असणार? मी रुग्णवाहिकेत होतो."

सगळं गोदाम हसलं. ओनो मास्तर होता; हसू थांबेपर्यंत तो शांत उभा राहिला. मग म्हणाला, "ह्यात हसण्यासारखं काही नाही. मी पडलो होतो आणि ह्याने माझ्या पायांवरून टांग टाकून मला धावबाद केलं. सामना हे जिंकले."

लोक आणखी हसले. कोणीतरी शिट्टी मारली. माझ्यापुढे बसलेला कोर मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हातारा लई खट आहे!" मी सगळीकडे पाहिलं. चारशे माणसं, आणि एकालाही वाटलं नाही की हे खरं असेल. मला वेसलचा तिटकारा होताच. त्या दिवशी त्यांचाही आला. आपल्यातल्या माणसावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसतं, पांढरे बूट घातलेल्यावर सगळे ठेवतात.

लोकांचं हसू ऐकून वेसलच्या जिवात जीव आला. तो सगळ्यांहून मोठ्याने हसला. "ओनो! तसाच आहेस रे अजून!" म्हणत त्याने ओनोला घट्ट मिठी मारली, वाकून त्याच्या कानात काहीतरी बोलला आणि फोटोवाल्याकडे तोंड फिरवलं. एक लोटे तेवढी हसत नव्हती. ती माईक हातात धरून ओनोकडे बघत होती.

केक खाऊन झाल्यावर मी ओनोला गाडीतून स्टेशनवर सोडायला निघालो. वाटेत विचारलं, "काय म्हणाला तो तुझ्या कानात?"

"कोण जाणे. डाव्या कानात बोलला."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतकं हसू आलं. ओनोही हसला. मग म्हणाला, "माफी मागितली असेल का रे?"

"त्याने? तुझा कुठला कान गेला हेसुद्धा त्याला माहीत नाही."

"तेही खरंच." तो म्हणाला, "पण अंगाला घाम सुटला होता त्याच्या. कोटातून लागत होता मला."

"मग?"

"मग काही नाही. मी मास्तर आहे; घाबरलेलं पोर ओळखतो. चल, माझी गाडी चुकेल."

ओनोच्या मनात त्याच्याबद्दल थोडी माया उरली होती, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या मनात नव्हती आणि नाही.

केक पचायच्या आत बातमी आली की कारखाना पोलंडला हलणार. वेसल स्वतः सांगायला आला नाही. लोटेला कागद देऊन पाठवलं. तिने मान खाली घालून वाचून दाखवलं, "टीम म्हणून आपण हाही प्रवास एकत्र करू." एकत्र म्हणजे आम्ही घरी आणि तो ड्युसेलडॉर्फला, नव्या मालकांच्या मुख्य कचेरीत. महिन्याभरात लोटेलाही काढलं. ती जाताना माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तो म्हातारा खरं बोलत होता ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. पण मग मी काय करायला हवं होतं?" कोर मात्र गेटबाहेर सिगारेट ओढत वेसलला आयमाय काढून शिव्या देत होता. मी त्याला म्हटलं, "जळतोस तू त्याच्यावर."

मला पुढे एका शाळेत देखभालीचं काम मिळालं. वेसलचं ऐकायला मिळायचं ते असं: ड्युसेलडॉर्फच्या लोकांनी त्याला विशेष सल्लागार केलं, म्हणजे एक खोली दिली, एक कुंडी दिली आणि सल्ला मात्र कोणी विचारला नाही. दोन वर्षं त्याने कुंडीला पाणी घातलं. मग घसघशीत रक्कम देऊन त्याला वाटेला लावलं. त्याच्या नशिबी फटफजिती यावी, निदान पाऊण तास तरी, अशी माझी फार इच्छा होती. तसं काही झालं नाही. श्रीमंतांच्या वासेनारला बंगला, मागे बाग, पुढे दोन गाड्या. बायको मात्र मुलीकडे राहायला गेली, ती परतलीच नाही.

मोकळा झाल्यावर त्याला क्लबची आठवण झाली. पंचवीसएक वर्षांत मॅट पाहायला न आलेला माणूस शनिवारी-शनिवारी कँटीनसमोर खुर्ची टाकून बसायला लागला. आता आमच्या पहिल्या संघात आठ जण अफगाण, दोन सुरिनामचे आणि एक आमच्या बेकरीवाल्याचा मुलगा. कर्णधार हमीदुल्ला, शहराची बस चालवतो आणि आमच्यासारखीच स्खिडामची बोली बोलतो, फक्त आमच्यापेक्षा जलद. मला योपकाका म्हणतो. त्याची आई चहाच्या वेळेला बटाट्याचं सारण भरलेली पोळी पाठवते. पूर्वी आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळायचं आणि लगेच डबा बंद व्हायचा. ह्या बाबतीत क्लब सुधारला, हे कोणीही मान्य करेल.

एका शनिवारी चहाच्या वेळेला वेसलने त्या मुलांना गोळा केलं. हातात पोळी, पायावर पाय, आणि गोष्ट सुरू. "अंतिम सामना. शेवटची जोडी..." मी पलीकडे पॅडचे पट्टे दुरुस्त करत बसलो होतो.

पण ही मुलं क्रिकेट खाऊन वाढलेली. गोष्ट संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. हमीदुल्ला म्हणाला, "एक मिनिट, साहेब. फलंदाजाच्या कानावर चेंडू बसला, रक्त आलं. मग पंचांनी तिथेच खेळ थांबवला असणार ना? धावबादचा प्रश्नच कुठे येतो?"

"पंच... गोंधळले होते," वेसल म्हणाला.

"बरं. मग तुम्ही अपील केलं होतं का?"

"अं?"

"अपील केल्याशिवाय पंच बोट वर करत नाहीत. कोणी केलं अपील?"

"संघाने. सगळ्यांनी."

"आणि कर्णधार कोण?"

"मीच."

"परत बोलावल्यावर त्याने किती काढल्या? कानातून रक्त येत असताना खेळला?" सुरिनामच्या एका पोराने विचारलं, अगदी निरागसपणे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

वेसल पोळीकडे बघायला लागला. "फार जुनी गोष्ट आहे रे. हा योप होता ना यष्टिरक्षक. विचारा त्याला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत प्रथमच, ज्यांना खेळ कळतो अशा लोकांनी मला विचारलं. मी पॅड खाली ठेवलं आणि जसं घडलं तसं सांगितलं. लांबण लावली नाही. अपील कोणी केलं, टांग कशी टाकली, "आत की बाहेर" कोण म्हणालं, कान कोणता गेला.

कोणी हसलं नाही. हमीदुल्लाने वेसलकडे पाहिलं आणि हळू विचारलं, "नंतर भेटायला तरी गेला होतात त्याला?"

वेसल उठला. उभा राहिला की अजूनही सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसतो. पोळीचा उरलेला तुकडा त्याने खुर्चीवर ठेवला आणि माझ्याकडे बोट करून हसत म्हणाला, "आमच्या योपचं वय झालं बरं का. काहीही आठवतं त्याला." हमीदुल्लाने तो तुकडा उचलून कचऱ्यात टाकला आणि पोरांना म्हणाला, "चला, क्षेत्ररक्षण आहे." ती मैदानात गेली. वेसल गाडीकडे चालू लागला.

त्यानंतर तो आला नाही. ऐकतो की हल्ली गोल्फ खेळतो. त्या खेळात म्हणे पंच नसतो आणि आपले फटके आपणच मोजायचे असतात.